चार सर्टिफिकेटं भिंतीला, आणि धंदा तेवढाच

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्या आणि त्यांच्या दोन शेजारणी बचत गटातून आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोलां (कोकमाची वाळवलेली सालं), फणसाचे पापड करतात, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नेवऱ्या (करंज्या) आणि चकल्यांच्या ऑर्डरी घेतात. आतापर्यंत चार प्रशिक्षणं झाली: लोणची, बेकरी, शिवण आणि मेणबत्त्या. सर्टिफिकेटं आहेत, धंदा होता तिथेच आहे. आता पंचायतीतून पंधरा दिवसांच्या उद्योजकता शिबिराचा निरोप आलाय. जावं, की तेवढ्या दिवसांत माल करून विकावा? आणि जाता जाता, बारावी होऊन घरी बसलेल्या मुलाला काय शिकवावं?

ताई, शिबिराचं शेवटी सांगतो. आधी मीच एक विचारतो. गेल्या चवथीला नेवरी कितीला दिलीत, आणि ती तुम्हाला कितीला पडली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्याजणी चटकन देतात. दुसऱ्याला "सामान आणलं होतं हजारभराचं" असं काहीतरी ऐकू येतं. डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या गटांबरोबर काम करताना मी पाहतो ते असं की हाताला चव नाही म्हणून अडलेला गट क्वचितच भेटतो. गाडं अडतं ते दर ठरवताना. तुमच्या चारही प्रशिक्षणांत नवीन वस्तू करायला शिकवली. तिचा दर कसा काढायचा, हे बहुधा शेवटच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी अर्ध्या तासात उरकलं असणार.

तेच आता सावकाश करू. शंभर नेवऱ्या धरा. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. मैदा, रवा, खोबरं, गूळ, तीळ, वेलची, तेल मिळून ४५० रुपये. गॅस ६०. पिशव्या, लेबल, खोका ९०. झाले ६००. दहा रुपयांना एक विकली, १,००० आले, ४०० सुटले, गट खूश. आता घड्याळाकडे बघा. सारण भाजण्यापासून नेवऱ्या तळून, गार करून पिशव्या बंद करेपर्यंत दोघींचे चार-चार तास गेले. आठ तासांचे ४००, म्हणजे तासाला ५०. ही तुमची मजुरी झाली. नफा अजून आलेलाच नाही. त्याच नेवऱ्या म्हापशातल्या एखाद्या दुकानात ठेवल्या आणि दुकानदाराने २० टक्के कापले, तर हातात ८०० येतात. खर्च वजा जाता २००. तासाला २५ रुपये. काजूच्या कारखान्यात जाणारी शेजारीण याहून जास्त घेऊन घरी येते, आणि तिला सामान आणायला म्हापशाची बस पकडावी लागत नाही. बसचं भाडंही वरच्या हिशेबात मी धरलेलं नाही, तुम्ही धरा.

इथे हमखास ऐकू येतं, "आम्ही घरातच असतो, आमच्या वेळेचे पैसे कसले?" मी या वाक्यावर हटून बसतो, कारण धंदा वाढत नाही त्याचं मूळ इथे आहे. तुमचे आठ तास फुकट धरून दर लावला, तो चालला. उद्या कोणी पाचशे नेवऱ्या मागितल्या. तिघींच्याने होणार नाहीत, चौथीला बोलवावं लागेल, आणि चौथी फुकट येणार नाही. तिची रोजी दिली की दहा रुपयांच्या नेवरीत काहीच उरत नाही. मग गट ऑर्डर नाकारतो आणि "आमच्याकडे माणसं नाहीत" म्हणतो. माणसं असतात. दरात त्यांच्यासाठी जागा ठेवलेली नसते. फुकटच्या श्रमांवर बेतलेला दर तिघींच्या ताकदीबाहेर कधीच जाऊ शकत नाही, मग आणखी चार प्रशिक्षणं घ्या.

म्हणजे नेवरी चौदा-पंधरा रुपयांना द्यावी लागेल. गावात कोण घेणार? गावातला माणूस नाहीच घेणार, त्याच्या घरी वहिनी करते. पण पर्वरी, पणजी, फोंड्याच्या फ्लॅटांत दोघंही नोकरीला जाणारी घरं आहेत. त्यांना चवथीच्या आदल्या आठवड्यात घरी केल्यासारखी नेवरी हवी असते आणि दोन-चार रुपयांसाठी ती अडून बसत नाहीत. त्यांची ऑर्डर श्रावणातच घ्या, अर्धे पैसे आगाऊ घेऊन. आगाऊ मागायला तोंड उघडत नाही, हे मला माहीत आहे. "खोबरं आणि गूळ आत्ता भरायचाय" एवढं वाक्य पुरतं, आणि ते खरंही असतं.

दुसरा रस्ता वेळ कमी करण्याचा. एक दिवस घड्याळ लावून लिहून काढा, कुठल्या कामाला किती वेळ गेला. पुऱ्या लाटण्यात बराच वेळ जातो, आणि पुरी यंत्राने लाटली की हाताने, हे खाणाऱ्याला कळत नाही. काठाची मुरड मात्र कळते. तेव्हा लाटायला छोटं यंत्र घ्या, मुरड हाताचीच ठेवा. यंत्रासाठी कर्ज काढायचं की नाही, हेही त्या कागदावरून ठरतं. कागद नसताना कर्ज काढलं, की यंत्र पलंगाखाली जातं. असे पलंग मी पाहिलेत.

आता पैशांच्या वाटांकडे. कॅरिबियन बेटांवरच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, सांतो दोमिंगो शहरात, लहान कर्जं घेणाऱ्या दुकानदारणींवर एक प्रयोग झाला होता. काहींना रीतसर हिशेबलेखन शिकवलं. काहींना साधे नियम दिले, त्यातला मुख्य असा की धंद्याचा पैसा एका खणात आणि घरचा दुसऱ्या खणात. हिशेबलेखनवाल्यांमध्ये फारसा फरक पडला नाही, साध्या नियमवाल्यांचे व्यवहार सुधारले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. दिवसभर चुलीपुढे उभी असलेली बाई रात्री जमाखर्चाच्या चार रकान्यांत आकडे भरणार नाही. पण बिस्किटांचे दोन रिकामे डबे कुठल्याही घरात मिळतात. एक डबा धंद्याचा. त्यातून घरासाठी काढायचे ते आठवड्याला एकदाच, ठरलेली रक्कम, मजुरी म्हणून. मुलाची फी भरायची असो की गॅस संपलेला असो, त्या डब्याला मधे हात नाही. यूपीआयचंही तेच. गटाच्या नावाचं खातं आहे ना? मग क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. एकीच्या घरच्या खात्यावर पैसे येत राहिले, तर तिघींमधलं भांडण वर्षाच्या आत ठरलेलं.

उधारीचं काय करायचं, हे गोव्यातल्या गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. डिचोलीकडच्या एका गटाची वही मी पाहिली होती. पुढच्या पानांवर गटाचा जमाखर्च, मागच्या पानांवर दुधाचा हिशेब, मधे मुलाच्या ट्यूशनचा फोन नंबर आणि त्याच्याच खाली "भाटकार वैनी, २ बाटल्यो, मागीर", म्हणजे जमीनदारीणबाईंना दोन बाटल्या, पैसे नंतर. तारीख नाही, रक्कम नाही. विचारलं तर म्हणाल्या, "मागीर दितां म्हळां तिणें." म्हणाली होती खरी, पण त्यानंतर दोन चवथी झाल्या होत्या. उधारी बंद करा असं मी सांगणार नाही. गावात तसं करून चालत नाही, आणि तीच वैनी तुमच्या मुलीच्या लग्नाला नारळ पाठवणार असते. पण उधारीची वही वेगळी ठेवा, तारीख आणि रक्कम तिच्यादेखत लिहा. पहिली बाकी चुकती होईपर्यंत दुसरी बाटली द्यायची नाही. तिच्यादेखत लिहिलं, की निम्मी उधारी तिथेच रोखीत बदलते.

दुकानांची उधारी जास्त महाग पडते. "ठेवून जा, विकलं की पैसे" म्हणून घेतलेल्या मालातला अर्धा मुदत संपल्यावर परत येतो. दुकानात पहिल्यांदा माल ठेवताना थोडा ठेवा, ठेवण्याची तारीख आणि परत घेण्याची अट चिठ्ठीवर लिहून सही घ्या. हॉटेलांना माल देत असाल, तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती फुकट आहे, आधार कार्डावर होते, १ जुलै २०२० पासून चालू आहे. तिच्यासाठी कोणी पाचशे-हजार मागितले तर उठून चालू लागा. या नोंदणीचा खरा फायदा फार थोड्यांना ठाऊक असतो. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर केला तर व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ. तुम्ही हॉटेलवाल्यावर खटला भरणार नाही, मीही भरा म्हणत नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की हिशेब बघणारा माणूस ते बिल अगदी तळाला ठेवत नाही.

आगळाची गोष्ट नेवरीहून वेगळी आहे, कारण तिथे पैसा एकदम जातो आणि वर्षभर थेंबथेंब परत येतो. भिण्णां, म्हणजे महाराष्ट्रातल्या कोकणात ज्यांना रातांबे म्हणतात ती कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये उतरतात. तेव्हाच मीठ, बाटल्या, ऊन आणि माणसं एकदम लागतात. एक पाऊस लवकर आला की सोलां काळी पडतात, बुरशी येते. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या, दिवसांत म्हापसा, मडगावच्या बाजारांत चार पैसे दिसतात, मग पावसाळाभर शांत, चवथीला पुन्हा हालचाल, पुढे जत्रा आणि पर्यटक. तेव्हा खेळतं भांडवल मार्चअखेर हातात हवं. त्यासाठी बँकेत जानेवारीत जावं लागतं, कारण कागद, शिक्के आणि "साहेब रजेवर" यांत दोन महिने सहज जातात. मी पाहतो तर गट मे महिन्यात बँकेत येतात, कर्ज जुलैत मंजूर होतं, आणि तोवर भिण्णां संपलेली असतात. मग तो पैसा घराच्या कौलांवर खर्च होतो आणि हप्ते आगळाच्या बाटलीतून भरावे लागतात.

योजनांचं थोडक्यात, कारण नावं ऐकून धावपळ फार होते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना तुमच्यासाठी नाही. तिच्यात ठरावीक १८ व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, सोनार, कुंभार, मूर्तिकार, शिंपी, न्हावी, माळा करणारे, टोपल्या-झाडू विणणारे, जाळी करणारे वगैरे. लोणचं-पापड त्यात येत नाही. तुमच्या वाड्यावर कोणी मातीच्या मूर्ती करत असेल किंवा बांबूच्या टोपल्या विणत असेल, तर त्यांना जरूर सांगा. पाच-सात दिवसांचं मूळ प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, तारणाशिवाय. मात्र घरातल्या एकालाच मिळतं आणि अर्ज पंचायतीतून तपासून पुढे जातो. तुमच्या कामाची आहे ती २०२० ची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना. तिची रचना अशी की बचत गटाच्या सभासदाला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल आणि प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. सध्याची मुदत विचारूनच अर्ज भरा. अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी मात्र कुठल्याही योजनेआधी करा. बाटलीवर तो १४ आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, वजन, तारीख आणि किंमत नसेल, तर पणजीतलं बरं दुकान माल हातात घेत नाही. जीएसटीची काळजी करू नका. मालाच्या विक्रीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, तिथवर पोचलात की मला जेवायला बोलवा.

आता प्रशिक्षणाकडे येतो. आपल्याकडे ते बहुतेक वेळा पुरवणाऱ्याच्या सोयीने ठरतं. २०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, आणि मग २०१८ ला पुन्हा. डिचोली, सत्तरी, सांग्यात ट्रकांचे हप्ते थकले, खाणरस्त्यावरची चहाची दुकानं ओस पडली. अशा वेळी बायकांना काहीतरी शिकवायचं म्हणून शिवणयंत्रं आणि लोणच्याची बरणी या दोन गोष्टी हाताशी होत्या. एका वाड्यावर सात जणींना एकच लोणचं शिकवलं, तर त्या एकमेकींनाच विकणार का? हा प्रश्न शिबिर भरवणाऱ्याला पडत नाही, कारण त्याच्या अहवालात हजेरीचा आकडा जातो, विक्रीचा नाही.

तरी प्रशिक्षण वायाच असतं असं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात, लोमे शहरात, दीड हजार लहान धंदेवाल्यांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं: हिशेब, विक्री, माणसं सांभाळणं. दुसऱ्या गटाला पुढाकार घ्यायची सवय लावणारं: गिऱ्हाईक येण्याची वाट न बघता काय करता येईल, इतरांपेक्षा वेगळं काय देता येईल, अडचण येणार हे धरून आधीच काय तयारी करावी. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला, पहिल्याचा जो थोडा वाढलेला दिसला तो ठामपणे सांगण्याजोगा नव्हता. दोन्हीकडे वर्गानंतर प्रशिक्षक महिन्याला धंद्याच्या जागी येऊन बसत होते. आपल्याकडे हा दुसरा भागच गळतो. समारोपाला नारळ फोडला की प्रशिक्षक परत दिसत नाही.

म्हणून पंचायतीत निरोप देणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. शिबिर संपल्यावर कोणी आमच्या घरी येऊन वही बघणार आहे का? आणि वर्गात आमच्याच मालाचे आकडे घेऊन दर काढायला शिकवणार, की फळ्यावर "समजा एक कारखाना आहे" म्हणणार? दोन्हींना "बघूया" असं उत्तर आलं, तरी गेलात तर वर सांगितलेला नेवऱ्यांचा आणि एक आगळाचा कागद घेऊन जा, आणि पहिल्याच दिवशी प्रशिक्षकापुढे ठेवा. चांगला माणूस असेल तर खूश होईल. वस्तूचा दर्जा, टिकवण, बाटली भरणं यांत अडचण असेल तर जुन्या गोव्याला एला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. प्रश्न घेऊन तिथे जा. आगळ फसफसतं का, पापडाला भेगा का पडतात, असे प्रश्न तिथे विचारायचे असतात. पंचायतीत येणाऱ्या स्वयंपूर्ण मित्राला, म्हणजे गावासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कागदपत्रांच्या कामाला लावा, ते त्यांचं कामच आहे.

मुलाचं. बारावी झालाय आणि हाताने काम करायला आवडत असेल, तर फ्रिज-एसी दुरुस्ती शिकवा. गोव्यात हॉटेलं आहेत, खारी हवा आहे, यंत्रं गंजतात, आणि दुरुस्ती करणारा वेळेवर येत नाही. डिचोली, म्हापसा, फर्मागुडीच्या आयटीआयमध्ये चौकशी करा, नंतर एखाद्या चालत्या मेकॅनिकच्या हाताखाली वर्षभर राहू दे. एवढंच की त्यालाही पहिल्या दिवसापासून तपासणीचे पैसे वेगळे मागायला शिकवा. गोव्यातला मेकॅनिक पार्टची किंमत सांगतो, स्वतःचा वेळ आणि स्कूटरचं पेट्रोल "राहू दे" म्हणून सोडून देतो. आईची नेवरी आणि मुलाचा पाना, दोघांचं दुखणं एकच.

शिबिराला तिघींनी जाऊ नका, एकटीनेही नको. अहमदाबादला सेवा बँकेच्या, म्हणजे कष्टकरी बायकांच्या सहकारी बँकेच्या, सभासद बायकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. काहींना एकटीला बोलावलं, काहींना मैत्रिणीबरोबर. मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी धंद्यासाठी जास्त कर्ज घेतलं आणि त्यांचं कामही वाढलं. दर वाढवायचा निर्णय घरी सांगताना बरोबर कोणी असलं की नवरा आणि सासूपुढे आवाज टिकतो. तेव्हा दोघी जा, तिसरी माल सांभाळेल. तिचे ते दिवस मजुरीत धरा.

शिबिराची तारीख तुम्ही लिहिली नाहीत. मे महिन्यात असेल तर स्पष्ट नाही म्हणा. भिण्णांचं ऊन पुन्हा वर्षभर मिळत नाही. जुलैत घ्या म्हणून सांगून बघा, वाड्यावरच्या आठ-दहा जणींनी सही करून अर्ज दिला तर तारखा हलतात. वेळही सकाळी दहा ते पाच नको, जेवणं आटोपल्यावर दुपारी अडीच ते साडेपाच मागा.